पोरांचं कौतुक कसं झालं? तुमच्या लक्षात राहिलेला प्रसंग सांगा

विज्ञान शिक्षिका, करवीर तालुका (धागा सुरू करते आहे)

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी शाळेतलं जुनं कपाट आवरत होते. शिल्डांच्या मागं एक प्लॅस्टिकची नळी सापडली. दीडेक फूट लांब, आत थर्मोकोलचा गोळा, त्याला चिकटवलेलं चुंबक, बाहेरून दोन रीड स्विच, नऊ व्होल्टची बॅटरी आणि बझर. बघितल्याबरोबर ओळखली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा ही नळी करणारा मुलगा पाचवीत होता. गाव नदीकाठचं. घरात पाणी कुठवर आलं होतं, तिथं त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. २०२१ ला परत पूर आला, दुसरी रेघ. आठवीत आल्यावर ही नळी घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. नळीवर फुटांचे आकडे लिहिलेले. पाणी चढलं की गोळा वर सरकतो, चुंबक स्विचच्या समोर आलं की सर्किट पुरं होतं. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, तिथं पिवळा दिवा. ४३ फूट म्हणजे धोका पातळी, तिथं बझर. आपल्याकडं पावसाळ्यात हे दोन आकडे लहान पोरालाही पाठ असतात.

विज्ञान प्रदर्शनात तालुक्याला पहिला आला, जिल्ह्याला नंबर लागला नाही. एसटीत मॉडेल मांडीवर घेऊन घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. गावानं मात्र ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर सत्कार ठेवला. नारळ, शाल, गुलाबी फेटा. भाषणं झाली. उठायची वेळ आली तेव्हा मागं बसलेले एक आजोबा म्हणाले, "पोरा, पुराच्या पाण्यात लाकूड येतंय, गवत येतंय, जलपर्णी येत्या. ते ह्या नळीत अडकलं तर तुझा गोळा वर कसा येणार?" त्यानं डोक्यावरचा फेटा काढून बाजूला ठेवला आणि आजोबांच्या शेजारी खाली मांडी घालून बसला. पुढच्या सोमवारी नळीच्या तोंडाला चहाच्या गाळणीची जाळी बसवलेली होती.

माझ्या नोकरीला एकवीस वर्षं झाली, सत्कार पुष्कळ बघितले. त्या पोराचा खरा मान त्या प्रश्नानं झाला असं मला वाटतं. तुमच्या घरी, शाळेत, गल्लीत एखाद्या मुलाच्या यशाचं कौतुक कसं झालं? मनाला लागलेलं असलं तरी लिहा.

उद्यमनगर

लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. मी लेथवर काम करतो, अठ्ठावीस वर्षं झाली. थोरली नववीत असताना होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसली. लेखी परीक्षेतनं निघाली, मग प्रात्यक्षिकाला बोलावणं आलं. ती घाबरली. म्हणाली, "पप्पा, शाळेत एकच व्हर्नियर आहे, हातात कधी आलाच नाही." व्हर्नियर म्हणजे वस्तू जबड्यात धरून बारीक माप घ्यायची पट्टी.

रविवारी तिला शॉपवर घेऊन आलो. मशीन बंद होती. बुश (भोकात बसवायची छोटी नळी), बेअरिंग, तुटकी शाफ्ट असं जे मिळेल ते समोर ठेवलं आणि मोजायला लावलं. शाळेतल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.१ मिलिमीटर, आमच्याकडचा ०.०२. रेघा बारीक, डोळ्याला पाणी येतं. जबडा दाबून धरायचा नाही, नुसता टेकवायचा, हे तिला तीन-चारदा सांगावं लागलं. पाचव्यांदा तिनंच मला सांगितलं, "पप्पा, बंद केल्यावर शून्याला शून्य जुळत नाही, हा झिजलाय." तो व्हर्नियर मी आठ वर्षं वापरत होतो.

ब्राँझ मेडल मिळालं तिला. मालकांना सांगितल्यावर त्यांनी चहाच्या सुट्टीत सगळ्यांना बोलावलं. मोल्डिंगवाले हातावरची काळी माती तशीच घेऊन आले. वर्गणी काढून पोरांनी तिला पेटीसकट नवा कोरा व्हर्नियर आणला. पेटीच्या आत ऑइलपेपर असतो, तो तिनं अजून काढलेला नाही. मालक म्हणाले, हिचं माप चुकायचं नाही. मला त्या दिवशी बोलायला आलं नाही.

निवृत्त प्राथमिक शिक्षक, भुदरगड

आमच्या भागात शिष्यवृत्ती परीक्षेचं वेड फार जुनं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याचं पाणी या मातीत मुरलेलं आहे असं मी मानतो. माझ्या उमेदीच्या काळात परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. २०१७ मध्ये ती पाचवी-आठवीला गेली. डिसेंबर लागला की मुलं जेवून, अंथरूण घेऊन शाळेत झोपायला यायची. रात्री दहापर्यंत बुद्धिमत्ता, पहाटे पाचला गणित. लाईट गेली तर कंदील. आया आळीपाळीनं दूध घेऊन यायच्या. पगारात याचा एक रुपया नव्हता आणि कुणी शिक्षक तो मागतही नव्हता.

एका वर्षी सात मुलं गुणवत्ता यादीत आली. गावानं बैलगाडी सजवली, हलगी लावली, लेझीम. मिरवणूक चावडीजवळ आली तेव्हा माझं लक्ष मारुतीच्या देवळाच्या खांबाकडं गेलं. आठवा मुलगा तिथं उभा होता. दोन गुणांनी राहिलेला. रात्री झोपताना याच मुलाचं अंथरूण माझ्या अंथरुणाशेजारी असायचं. मी मिरवणूक थांबवली आणि त्याला गाडीत घेतलं. कुणी तरी म्हणालं, गुरुजी, हा यादीत नाही. मी म्हटलं, तीन महिने जागरण केलेल्यांच्या यादीत आहे. आज तो शेती करतो, पंचायत समितीच्या कामांचे हिशेब गावातली माणसं त्याच्याकडून तपासून घेतात. पंचवीस वर्षं झाली, दर दसऱ्याला सोनं द्यायला पहिला येतो.

राजारामपुरीतली आई

माझा अनुभव कडू आहे, पण ताईंनी लिहा म्हटलंय म्हणून लिहिते. मुलानं आणि त्याच्या मित्रानं मिळून विज्ञान प्रदर्शनात मॉडेल केलं होतं, दोघांचा नंबर आला. मुलगा ज्या क्लासला जायचा, त्यांनी आम्हाला न विचारता चौकात त्याच्या एकट्याच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला. मित्र त्या क्लासला नव्हता, म्हणून त्याचं नावही नाही. मॉडेलमध्ये क्लासचा काडीचा हात नव्हता. पुठ्ठ्याची खोकी कापायला आमची गच्ची, सर्किट जोडायला मित्राचे बाबा.

मुलगा पंधरा दिवस त्या चौकातून जाईना. सायकल लांबून वळवून न्यायचा. मित्राशी बोलणं बंद. नातेवाईक फोन करून अभिनंदन करायचे आणि हा आत जाऊन दार लावून घ्यायचा. शेवटी मी जाऊन फ्लेक्स उतरवायला लावला, बरीच हुज्जत घालावी लागली. गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मुलांनी एका संध्याकाळी आरतीनंतर टेबल मांडून दिलं. दोघांनी शेजारीशेजारी उभं राहून मॉडेल चालवून दाखवलं. प्रसाद घ्यायला आलेली माणसं थांबून बघत होती, बायका प्रश्न विचारत होत्या, रात्री अकरा वाजले. त्या रात्री मुलगा मित्राच्या घरी झोपायला गेला.

पालकांनो, फोटो कुठं लागणार, कुणाच्या नावानं लागणार हे आधी विचारा. मुलाला विचारा.

प्रयोगशाळा परिचर, गडहिंग्लज

प्रदर्शनात विद्यार्थी, शिक्षक असतात तसा आम्हा परिचरांचाही गट असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मी दोनदा भाग घेतला. बाकीच्या वर्षी काम म्हणजे मुलांची मॉडेल फुटू न देता नेणं-आणणं. काचेचं सामान मी डिकीत देत नाही, मांडीवर घेतो. एकदा आमच्या शाळेची मुलगी जिल्ह्यात दुसरी आली आणि स्टेजवरनं खाली येऊन तिनं बक्षिसाचं पेन माझ्या खिशाला लावलं. एवढंच लिहायचं होतं.

कागलची बाई

मी माध्यमिक शाळेत शिकवते. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून चालू आहे, दहा ते सतरा वयाची मुलं आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन त्यावर प्रकल्प करतात. आमच्या दोन मुलींनी गुऱ्हाळ घेतलं. एकीच्या मामाचंच गुऱ्हाळ होतं.

प्रश्न साधा होता. बाजारात पिवळाधमक गूळ भाव खातो, म्हणून रस साफ करायला काही ठिकाणी हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर टाकतात. जुनी पद्धत भेंडीची. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवायची, तो चिकट रस काहिलीत सोडायचा. रस तापला की मळी वर येते ती झाऱ्यानं काढायची. मुलींनी दोन्ही गुळांचे नमुने घेतले. रंग, ओलावा, किती दिवसांनी पाणी सुटतं, सगळं वहीत. पावसाळी हवेत भेंडीचा गूळ कसा टिकतो हे बघायला डबे खिडकीत ठेवले, तर मुंग्या लागल्या. मग डबे पाण्याच्या परातीत. पुन्हा पहिल्यापासून.

त्यांना सगळ्यात जास्त शिकवलं ते गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं. पाक कधी उतरवायचा हे तो थर्मामीटरनं ठरवत नाही. थेंब गार पाण्यात सोडून बोटात गोळी वळून बघतो. मुली रोज थर्मामीटर लावून त्याच वेळेची नोंद घ्यायच्या. आठ दिवसांनी त्या माझ्याकडं आल्या, "बाई, काकांचं आणि थर्मामीटरचं दोन अंशाच्या वर कधी चुकलंच नाही."

राज्यासाठी निवड झाली. शाळेत सत्काराचा कार्यक्रम ठरला तेव्हा मुलींनी अट घातली, गुळवेकाका स्टेजवर पाहिजेत. ते यायला तयार नव्हते. हंगाम चालू होता, काहील सोडून कसं यायचं. अखेर दुपारच्या दोन आधणांच्या मधल्या वेळात आले, अंगावर तीच गुळाचे डाग पडलेली बंडी. मुख्याध्यापकांनी स्वतः त्यांना कोल्हापुरी फेटा बांधला. माईक हातात दिला तर म्हणाले, "पोरींनी मला विचारलं तू असं का करतोस. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं." आणि लगेच निघाले. जाताना दोघींच्या हातात काकवीची एकेक बाटली.

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या पुण्यात

डॉ. जयंत नारळीकरांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९३८ चा. २० मे २०२५ ला ते गेले. मुलं त्यांच्याकडं सही मागायला गेली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल.

माझी बहीण कोल्हापुरात शिकवते. तिनं गेल्या वर्षी शाळेत हीच पद्धत सुरू केली. एनएमएमएस (गरीब घरच्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा), शिष्यवृत्ती, प्रदर्शन, कशातही मूल चमकलं की व्हरांड्यात त्याच्या नावाची पेटी ठेवायची. धाकट्या वर्गांनी पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर प्रश्न लिहून टाकायचे. विजेत्यानं महिन्याभरात उत्तरं लिहायची, खाली सही करायची. पहिल्या पेटीत त्रेचाळीस कार्डं निघाली. एक तिसरीच्या मुलाचं होतं, "दादा, तुला काय येत नाही?" दादानं चार दिवस घेतले आणि कार्डाच्या दोन्ही बाजू भरून लिहिलं. बहिणीनं मला त्याचा फोटो पाठवला, मी तो ऑफिसच्या टेबलावर लावलाय.

दहावीतली मुलगी, शाहूवाडी

आईच्या मोबाईलवरून लिहितेय. इन्स्पायर मानक या शाळकरी मुलांच्या विज्ञान-कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेत माझी कल्पना निवडली गेली आणि मॉडेल करायला दहा हजार रुपये माझ्या खात्यावर आले. पासबुकवर माझं नाव आहे. आजीला वाचता येत नाही, तिनं मला ते नाव बोट ठेवून दाखव म्हटलं. मग तिनं त्यावर स्वतः बोट फिरवलं. माझं मॉडेल भाताच्या रोपांसाठी आहे, पण ते अजून नीट झालेलं नाही, झालं की सांगेन.

विज्ञान शिक्षिका, करवीर तालुका

सगळं वाचलं, काही दोनदा वाचलं. भुदरगडच्या गुरुजींना नमस्कार. शाहूवाडीच्या बाळा, मॉडेल झालं की नक्की लिही, भाताच्या दिवसांत मी स्वतः बघायला येईन.

नळीवाला मुलगा आता पॉलिटेक्निकला आहे. संध्याकाळी घरी आला होता, त्याला हा धागा वाचून दाखवला. उद्यमनगरचा भाग त्यानं परत एकदा वाचायला लावला. तो नळी पुन्हा मोठ्या मापात करतोय, पण गोळा मधेच तिरका होऊन अडकतो. मधून सरळ सळई घालायची आहे, स्टेनलेसची, तीन फुटी, आणि गोळ्यात बसेल असा बुश. दादा, कुठं मिळेल?

उद्यमनगर

विकत कशाला घेताय बाई. पोराला उद्या दहानंतर शॉपवर पाठवा. गोळ्याचं भोक नेमकं मोजून आणायला सांगा. नाहीतर राहू दे, मोजायला पोरगी हाय की.