मदत हवी आहे: एमएस, रिटुक्सिमॅब आणि 'बी पेशी शून्य' असा रिपोर्ट

सिंहगडरोडकर
नमस्कार. धाकट्या बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि नसांचा आजार) आहे, रिलॅप्सिंग म्हणजे अधूनमधून अटॅक येणाऱ्या प्रकारचा. राहते कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. डोळ्याच्या नसेला सूज आली तेव्हा निदान झालं. आता दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब सलाइनमधून देतात. औषध सुरू झाल्यापासून अटॅक नाही, एमआरआयमध्ये नवे डागही नाहीत.

घोळ रक्ताच्या रिपोर्टचा आहे. सीडी१९ बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार; सीडी१९ ही त्यांच्यावरची खूण) शून्य. डॉक्टर म्हणाले, "छान, हेच हवं होतं," आणि पुढचा पेशंट आत आला. आई मात्र तो कागद घेऊन बसली आहे. तिच्या मते पोरीची प्रतिकारशक्तीच संपली. साताऱ्याच्या मामीने गुळवेलीचा काढा पाठवलाय, रोज अनशापोटी घ्यायचा म्हणे.

मला कळलंय ते असं: एमएसमध्ये प्रतिकारशक्ती कमी नसते, ती भलत्यावरच उठते. आपल्याच टी पेशी (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) मेंदूत शिरून नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करतात. मग औषध बी पेशींवर का? आणि त्या नसतील तर पावसाळ्यात ताप-खोकला आला की लढतं कोण? फ्लूची लस कधी घ्यावी? गणपतीत लक्ष्मी रोडला जायचंच म्हणतेय ती. ("सगळं मनावर असतं" हे कृपया नको, ते नातेवाइकांकडून भरपूर मिळतंय.)

लिंबूटिंबू
डॉक्टर नाही, पण मायक्रोबायोलॉजी शिकलेय आणि नवऱ्याला हेच औषध चालू आहे.

बी पेशी फक्त अँटीबॉडीसाठी असतात असं पूर्वी धरत. २००८ साली १०४ रुग्णांवरच्या चाचणीत रिटुक्सिमॅबनंतर मेंदूतले सक्रिय डाग काही आठवड्यांतच कमी झाले. अँटीबॉडी इतक्या लवकर घटत नाहीत. म्हणजे बी पेशी टी पेशींना चिथावतात, आणि ती चिथावणी थांबली की अटॅक थांबतात.

लढतं कोण? टी पेशी बहुतेक शाबूत असतात, जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशीही. हे औषध सीडी२० ही खूण असलेल्या पेशी मारतं. जुन्या लशींच्या अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ती खूण नसते, त्यामुळे जुनं संरक्षण बरंचसं टिकतं. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवरही नसते, म्हणून औषध थांबवलं की काही महिन्यांनी बी पेशी परत येतात.

अडचण नव्या शत्रूची. लस कमी लागू पडते, कोविड जड जाऊ शकतो. फ्लूची इंजेक्शनवाली लस पुढच्या डोसच्या निदान चार आठवडे आधी घेतलेली बरी, तारीख न्यूरोलॉजिस्टकडून ठरवून घ्या. जिवंत विषाणूंच्या लशी नकोत. लक्ष्मी रोडला मास्क लावून, गर्दी कमी असताना जाऊ द्या की! आमच्याकडे तरी घरात कोंडून ठेवण्याचा त्रास जास्त झाला.

सीडी१९ पेक्षा आयजीजीकडे, म्हणजे रक्तातल्या मुख्य अँटीबॉडीच्या पातळीकडे बघा. वर्षानुवर्षं डोस घेतले की ती काहींची उतरते, आणि वारंवार इन्फेक्शन होतात.

काढा बंद. ज्या प्रतिकारशक्तीला आवर घालायला एवढं औषध घेतोय, तिलाच खतपाणी कशाला? शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलंय. ती घेत असेल तर डॉक्टरांना सांगा आणि लिव्हरची तपासणी करून घ्या.

सिंहगडरोडकर
खूप आभार. फाइल चाळली, आयजीजी एकदाही केलेली नाही. सोमवारी विचारतो, लिव्हरचंही. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, काढा आजपासून बंद. मामीला फोन कोणी करायचा ते अजून ठरत नाहीये.