जांभूळ बी अर्क: विषारीपणा आधी की साखर? एसटीझेडचा डोस किती?

बर्डी_फार्म
एम.फार्म, नागपूर. जांभळाच्या बियांचा ७०% इथेनॉलमधला अर्क तयार आहे. स्टार्च पचवणारं एन्झाइम अल्फा-अमायलेज तर मधुमेहाच्या अकार्बोज या औषधापेक्षाही जास्त अडवतोय! आता विस्टार जातीच्या रॅटवर जायचंय. थेट २००० मिग्रॅ/किलो दिला तर चालेल? आणि रॅटला मधुमेह करणारं एसटीझेड (स्ट्रेप्टोझोटोसिन) ६० मिग्रॅ/किलो दिलं की रॅट दुसऱ्याच दिवशी दगावतात असं ऐकलं, खरं का?

फुटाळा_काठ
अकार्बोजच्या पुढे गेला म्हणून हुरळू नका. या बीत टॅनिन ठासून असतं, ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी पावडर) टॅनिन काढून तीच चाचणी पुन्हा लावा. अडवणूक गळून पडली तर तो गुण साखर उतरवण्याचा नव्हे, तुरटपणाचा. डीएनएसमध्ये (रंगावरून साखर मोजायची चाचणी) अर्काचा तपकिरी रंग आणि त्यातली साखरही ५४० नॅनोमीटरला वाचली जाते, म्हणून प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला एन्झाइमविना वेगळा ब्लँक हवाच.

धंतोली४२३
आधी विषारीपणा. ओईसीडी ४२३ (एका डोसच्या विषारीपणाच्या चाचणीची आंतरराष्ट्रीय पद्धत): काहीच माहिती नसेल तर ३०० मिग्रॅ/किलोपासून, एका पायरीला ३ माद्या. रात्रभर उपाशी (पाणी चालू), ०.५% सीएमसीमध्ये (अर्क मिसळायचं घट्टसर द्रावण) तोंडावाटे, नंतर ३-४ तास अन्न नाही. पहिले चार तास नजर हलवू नका, पुढे १४ दिवस. २००० ला कुणी मेलं नाही एवढ्यावर 'सुरक्षित' लिहू नका. रोज द्यायचं औषध आहे, त्याला २८ दिवस रोज डोस द्यायची ओईसीडी ४०७ चाचणी लागते. आणि आयएईसीची (संस्थेची प्राणी नीतिमत्ता समिती) मंजुरी हातात आल्याशिवाय एकही रॅट हलवायचा नाही.

मे महिन्यात तर सुरूच करू नका. खोली २२±३ अंश लागते आणि नागपूरच्या उन्हात कूलरने ते होत नाही, वर आर्द्रता चढते ती वेगळी. एसी नसेल तर थांबा.

बर्डी_फार्म
कळलं, ३०० पासूनच. आणि एसटीझेड?

फुटाळा_काठ
रॅट मरतात ते बहुतेक एसटीझेडच्या विषाने नाही, साखर एकदम खाली गेल्याने. स्वादुपिंडातल्या मेलेल्या बीटा पेशींतलं (इन्सुलिन बनवणाऱ्या) इन्सुलिन एकदम बाहेर पडतं. म्हणून पहिली रात्र बाटलीत साध्या पाण्याऐवजी ५-१०% ग्लुकोज. एसटीझेड ०.१ मोलर सायट्रेट बफर, पीएच ४.५, बर्फावर, फॉइल गुंडाळून. विरघळलं की लगेच टोचायचं. २०० ग्रॅमच्या रॅटला १२ मिग्रॅ. सगळ्यांचं एकदम विरघळवून ठेवलं की शेवटच्या पिंजऱ्याला निम्मं मेलेलं औषध जातं, मग अर्ध्यांची साखर चढतच नाही. ७२ तासांनी उपाशीपोटी साखर २५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असलेलेच घ्या, आणि गट पाडताना प्रत्येक गटाची सरासरी जवळपास सारखी ठेवा.

धंतोली४२३
एक राहिलं. नुसत्या एसटीझेडने बीटा पेशी साफ झाल्या तर तुलनेसाठी ठेवलेल्या ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या औषधाच्या गटाचीही साखर हलणार नाही, कारण ते उरलेल्या पेशींकडूनच इन्सुलिन काढून घेतं. टाइप २ म्हणायचं असेल तर एसटीझेडच्या १५ मिनिटं आधी काही बीटा पेशी वाचवणारं निकोटिनामाइड ११० मिग्रॅ/किलो, पोटात टोचून.