रिमोट डेस्कटॉप व्ह्यूअर काहीही न सांगता बंद पडतो: कारण कसे शोधावे?

निळीशाई (प्रश्न)

नमस्कार. मी दुसऱ्या जागी असलेल्या संगणकावर व्हीएनसीमार्फत (त्याचा पडदा इथे दाखवणाऱ्या यंत्रणेमार्फत) रोज काम करते. दोन्हीकडे लिनक्स आहे. गेले तीन आठवडे माझ्या लॅपटॉपवरच्या व्ह्यूअरची खिडकी अचानक नाहीशी होते. त्रुटीचा संदेश येत नाही, संपर्क तुटल्याची सूचनाही येत नाही. खिडकी होती तिथे नुसता रिकामा डेस्कटॉप दिसतो.

याला वेळेचा काही नेम नाही. सलग तीन-चार तास टंकत बसले तरी काही होत नाही, आणि कधी पाचदहा मिनिटांसाठी जागेवरून उठून परत यावे, तर खिडकी गेलेली असते. पुन्हा जोडणी केली की पलीकडचे सगळे जागच्या जागी सापडते. अर्धवट लिहिलेले वाक्य तसेच असते आणि कर्सर त्याच अक्षरापुढे लुकलुकत असतो.

व्ह्यूअर काढून पुन्हा टाकला, त्याच्या सेटिंग्जची फाइल पुसली, वायफायऐवजी केबल लावली, चित्राचा दर्जा कमी केला. फरक पडला नाही. आता आणखी काय बदलून पाहावे?

तपासनीस

माझी विनंती अशी की तूर्त काहीच बदलू नये. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की त्रास थांबला तरी तो कशाने थांबला हे कळत नाही, आणि महिन्याभराने तो परत आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अर्धवट वाक्य जसेच्या तसे सापडते, हे तुम्ही लिहिलेत ते फार उपयोगाचे आहे. व्हीएनसी ज्या आरएफबी प्रोटोकॉलवर चालते (म्हणजे संवादाच्या ज्या नियमांवर; आरएफसी ६१४३, मार्च २०११), त्यात कामाची सगळी स्थिती सर्व्हरकडे, म्हणजे पलीकडच्या संगणकाकडे, राहते. व्ह्यूअर फक्त चित्र दाखवतो आणि कळफलक व माउसच्या हालचाली पलीकडे पोहोचवतो. म्हणजे तुमचा सर्व्हर आणि त्यावरचे सत्र धडधाकट आहे. शिवाय, नेटवर्क तुटले असते तर बहुतेक व्ह्यूअर तसे सांगतात. खिडकी निमूटपणे जाते याचा अर्थ बहुधा व्ह्यूअरची प्रक्रियाच मरते आहे.

खात्रीसाठी व्ह्यूअर मेनूतून न उघडता टर्मिनलमधून चालवा आणि तो पडला की त्याच टर्मिनलमध्ये लगेच एक्झिट कोड (प्रोग्राम कसा संपला हे सांगणारा आकडा) पाहा. कोड १३९ आला तर सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या नको त्या जागी हात घातल्याने पडणे), म्हणजे १२८ अधिक सिग्नल ११. कोड १३४ आला तर प्रोग्रामने स्वतःहून अबॉर्ट केले. कोड १३७ आला तर त्याला बाहेरून ठार केले गेले, आणि तेव्हा मेमरी संपली होती का हे पाहावे लागेल. या तिन्हींचा तपास अगदी वेगवेगळ्या वाटांनी जातो.

१३९ असल्यास 'कोअरडम्पसीटीएल'च्या यादीत त्या वेळेच्या कोअर डम्पची, म्हणजे पडलेल्या प्रोग्रामच्या मेमरीच्या प्रतीची, नोंद मिळेल. ती जीडीबी या डिबगरमध्ये उघडून 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी फुल' ही आज्ञा द्या. फक्त पडलेल्या थ्रेडचा (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाचा) नव्हे, सगळ्या थ्रेड्सचा बॅकट्रेस, म्हणजे कोणता थ्रेड कोणत्या फंक्शनमध्ये होता याची यादी, हवी. डिबग सिम्बॉल्स नसतील तर फंक्शनच्या नावांऐवजी प्रश्नचिन्हे दिसतील. म्हणून आधी ती उतरवून घ्या.

एक कळकळीची सूचना: कोअर डम्पची फाइल कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी चढवू नका. त्यात व्ह्यूअरची सारी मेमरी असते, म्हणजे त्या क्षणी पडद्यावर जे होते त्याचे चित्र आणि कदाचित पासवर्डही. बॅकट्रेसचा मजकूरसुद्धा आधी स्वतः वाचा आणि मगच इथे द्या.

खिडकीबाहेर

माझ्याकडे असाच प्रकार ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे होत असे. 'एलआयबीजीएल ऑल्वेज सॉफ्टवेअर' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून एक दिवस काम करून पाहावे; त्याने चित्र रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर येते. त्यासोबत त्याच सर्व्हरला टायगरव्हीएनसी या दुसऱ्या व्हीएनसी प्रोग्रामचा व्ह्यूअर जोडून बघा. दोन्ही व्ह्यूअर पडले तर दोष सामायिक भागात, एकच पडला तर त्या एकात.

निळीशाई

दोघांचेही आभार. सॉफ्टवेअर रेंडरिंगवरही व्ह्यूअर पडलाच. टायगरव्हीएनसी मात्र दोन दिवसांत एकदाही पडला नाही.

एक्झिट कोड १३९ आहे. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये त्याच सेकंदाला सेगफॉल्टची ओळ असून तिच्यात 'एरर ४' असे लिहिले आहे. बॅकट्रेसमध्ये एकूण सहा थ्रेड आहेत. जो पडला तो खिडकीत चित्र रंगवणारा आहे आणि मेमरीची नक्कल करणाऱ्या 'मेमकॉपी' फंक्शनमध्ये थांबलेला आहे. दुसरा एक थ्रेड नेटवर्ककडून संदेश वाचणारा असून तो नवा फ्रेमबफर (पडद्याचे चित्र साठवणारी मेमरी) तयार करणाऱ्या फंक्शनच्या आत आहे. त्याच्या स्थानिक व्हेरिएबल्समध्ये रुंदी १०२४ आणि उंची ७६८ दिसते. हे आकडे मला बुचकळ्यात टाकतात, कारण पलीकडचा पडदा १९२० बाय १०८० चा आहे.

तपासनीस

त्या आकड्यांतच उत्तर आहे असे मला वाटते. जागेवरून उठल्यावर खिडकी जाते, असे तुम्ही सुरुवातीलाच लिहिले होते. पलीकडच्या संगणकाला मॉनिटर जोडलेला असेल आणि काही मिनिटे हालचाल नसल्यास तो झोपत असेल, तर काही मॉनिटर, विशेषतः डिस्प्लेपोर्टवरचे, त्या वेळी केबल काढल्यासारखे दिसेनासे होतात. मग डेस्कटॉप लहान रिझोल्यूशनवर येतो. सर्व्हर ही गोष्ट 'डेस्कटॉपसाइझ' या छद्म-एन्कोडिंगने (चित्राऐवजी नवे माप सांगणारा संदेश, क्रमांक उणे २२३) व्ह्यूअरला कळवतो, आणि व्ह्यूअरला जुना फ्रेमबफर टाकून नव्या मापाचा घ्यावा लागतो.

तुमच्या व्ह्यूअरमध्ये बहुधा असे घडते: नेटवर्कचा थ्रेड जुनी मेमरी मोकळी करतो, आणि रंगवणारा थ्रेड जुनाच पॉइंटर (मेमरीचा पत्ता) हाती धरून तिथून वाचत राहतो. कर्नलच्या संकेतात ४ म्हणजे सामान्य प्रोग्रामने मेमरीच्या अस्तित्वात नसलेल्या पानावरून (ठरावीक तुकड्यावरून) वाचण्याचा प्रयत्न केला. लिहिण्याचा केला असता तर ६ आले असते. हे तुमच्या बॅकट्रेसशी तंतोतंत जुळते.

आता थोडे खोलात जातो, कारण दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही याचे कोडे इथे सुटते. १९२० बाय १०८० चा फ्रेमबफर, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरून, ८२,९४,४०० बाइटचा होतो. ग्लिबसी (प्रोग्रामांना मेमरी मिळवून देणारी लिनक्सवरची लायब्ररी) एवढा मोठा तुकडा सहसा कर्नलकडून स्वतंत्रपणे मागून घेते (त्यासाठीची मूळ मर्यादा १२८ किलोबाइट आहे) आणि मोकळा करताना तो थेट परत करते. त्यानंतर तिथे वाचले की प्रोग्राम तत्क्षणी पडतो. परंतु असा एक तुकडा परत गेला की ग्लिबसी ती मर्यादा त्याच्या मापापर्यंत वाढवते आणि पुढचे तेवढे तुकडे नेहमीच्या हीपमधून (प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीसाठ्यातून) देते. तिथली मोकळी केलेली मेमरी बरेचदा जागेवरच राहते, त्यामुळे चुकीचे वाचन होऊनही प्रोग्राम चालू राहतो आणि फारतर पडद्यावर क्षणभर विस्कटलेले पट्टे दिसतात. सत्रातला पहिला बदल निभावला तर नंतरचे बदल निभावण्याची शक्यता वाढते ती यामुळे. तुम्हाला असे पट्टे कधी दिसले होते का?

पडताळणी सोपी आहे. जोडलेले असताना पलीकडे 'एक्सरँडआर' या पडद्याचे माप बदलणाऱ्या आज्ञेने रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ करा. व्ह्यूअर पडला नाही तर तो बंद करून नव्याने जोडा आणि मग पुन्हा करा. त्याच सत्रात वारंवार करण्यात अर्थ नाही.

निळीशाई

पट्टे दिसले होते! दोनदा, आणि दोन्ही वेळा मी त्याचे खापर वायफायवर फोडले होते.

'एक्सरँडआर'ची चाचणी दहा नव्या सत्रांत केली. व्ह्यूअर सात वेळा पडला, तीन वेळा टिकला. टायगरव्हीएनसीने दहाही वेळा खिडकीचे माप शांतपणे बदलले. तोवर काम चालावे म्हणून पलीकडच्या मॉनिटरची झोप पॉवर सेटिंग्जमधून बंद केली आहे, आणि त्या दिवसापासून एकदाही खिडकी गेलेली नाही.

खिडकीबाहेर

ग्राफिक्स ड्रायव्हरचा माझा अंदाज चुकला, हे मान्य. मॉनिटर सतत चालू ठेवायचा नसेल तर पलीकडे मॉनिटरशी संबंध नसलेला आभासी डेस्कटॉप चालवता येतो. 'एक्सव्हीएनसी' सुरू करताना 'जिऑमेट्री'त माप ठरवून दिले की मॉनिटर झोपल्याने ते बदलत नाही. मात्र ते वेगळे सत्र असते. मॉनिटरवर उघडलेली कामे त्यात दिसणार नाहीत.

तपासनीस

सातास तीन हे प्रमाण दोन थ्रेड्सच्या शर्यतीला साजेसेच आहे. आता हे व्ह्यूअरच्या विकासकांकडे नोंदवा, कारण झोप बंद करणे हा तुमच्यापुरता उपाय झाला. नोंदीत आवृत्ती, 'एक्सरँडआर'ची नेमकी आज्ञा, दहापैकी किती वेळा पडला हा आकडा आणि सगळ्या थ्रेड्सचा बॅकट्रेस द्या. जमल्यास व्ह्यूअर ॲड्रेससॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनासह कंपाइल करून एकदा चालवा. ती मेमरी कुठे घेतली, कुठे मोकळी केली आणि नंतर कुठे वाचली, या तिन्ही जागा तो ओळ क्रमांकांसह दाखवतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याला मग शोधाशोध करावी लागत नाही. तुमची जी तीन सत्रे टिकली, तशा सत्रांतही तो दोष पकडतो.

निळीशाई

कंपाइल करायला एक संध्याकाळ गेली, पण पहिल्याच चाचणीत मोकळ्या केलेल्या मेमरीच्या वापराचा अहवाल मिळाला. तिन्ही जागा आल्या: मेमरी घेणारा आणि मोकळी करणारा थ्रेड नेटवर्कचाच, वाचणारा रंगवणारा. अहवाल जोडून बग नोंदवला आहे. कोअर डम्पच्या फाइली मी पुसून टाकल्या. त्यांपैकी एकीतून फ्रेमबफर वेगळा काढून पाहिला, तर माझे अर्धवट वाक्य चित्रात स्पष्ट वाचता येत होते.