सोलापुरी चादरीची फोटोफ्रेम वाकतेय

प्रश्न: खोक्याच्या पुठ्ठ्यावर जुन्या चादरीचा तुकडा फेविकॉलने चिकटवला. वाळल्यावर फ्रेम धनुष्यासारखी वाकली, कोपरे फुगले. फोटो ४ बाय ६ इंची. काय चुकलं?

– ताई, एकाच बाजूला ओल लागली. वाळताना कापड आकसतं आणि पुठ्ठ्याला ओढतं. पुठ्ठ्याचे दोन थर घ्या, पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी नळ्या एकमेकींना आडव्या. फेविकॉलमध्ये पाणी नको, ब्रशने पातळ हात. मागूनही कागद चिकटवा, मग रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली.

– खिडकी, म्हणजे फोटो दिसायची मोकळी जागा, साडेतीन बाय साडेपाच इंच कापा, नाहीतर फोटो निसटेल. कापड चहूबाजूंनी पाऊण इंच जास्त. खिडकीवरच्या कापडाला तिरका छेद द्या, पण कोपऱ्याच्या २ मिमी अलीकडे थांबा. कापडाचे बाहेरचे कोपरे तिरके छाटा, चादरीची घडी जाडच बसते.

– कापायच्या रेघेवर आधी फेविकॉल फिरवून वाळवा. नाहीतर दोरे सुटत राहतात.