पश्चिमेच्या लहान टेरेसवरील कुंड्या: उन्हाळ्यात माती दगड होते, पावसाळ्यात चिखल

गच्चीवरची_मिरची यांचा प्रश्न

नमस्कार. पुण्यात कर्वेनगर भागात दुसऱ्या मजल्यावर आमचे घर आहे. हॉलला लागून ७ फूट बाय १० फुटांचे उघडे टेरेस असून त्याचे तोंड पश्चिमेला आहे, आणि खालच्या घराची झोपण्याची खोली नेमकी त्याच्याखाली येते. दोन वर्षांपूर्वी हौसेने २२ कुंड्या मांडल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक म्हणजे रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या आहेत. मोगरा, तुळस आणि गवती चहा यांचे उत्तम चालले आहे, मात्र ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला त्या भाज्यांनी पुरती निराशा केली आहे.

रोपवाटिकेतून लाल मातीच्या गोण्या आणल्या, तीत थोडे शेणखत मिसळले आणि तळाला विटांचे तुकडे घातले. उन्हाळ्यात ही माती आवळून कुंडीच्या कडेपासून सुटते, त्यामुळे घातलेले पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत उतरते आणि झाडाला पाणी मिळाले अशी माझी समजूत होते. आता पावसाळ्यात नेमके उलट झाले आहे. गेल्या रविवारी मेलेल्या वांग्याची बादली पालथी केली, तेव्हा वरची चार बोटे माती बरी होती, पण खाली काळा, कुबट वासाचा चिखल निघाला आणि दीड वर्षाच्या झाडाची मुळे जेमतेम मुठीएवढ्या जागेत तपकिरी होऊन बसलेली होती.

टोमॅटोला एप्रिलमध्ये भरपूर फुले आली आणि सगळी देठापासून गळाली. मिरचीची पाने चुरडली आहेत. त्यात भर म्हणजे खालच्या काकूंनी त्यांच्या छताला ओल आल्याचे सांगितले. त्या इतक्या सौम्यपणे बोलल्या की मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. पावसाळा संपण्यापूर्वी मला निर्णय घ्यायचा आहे. सगळी माती बदलावी का, ऑक्टोबरपासून काय लावावे, आणि गळतीचे काय करावे?

सोनचाफा_डोंबिवली

ताई, माझ्याकडे टेरेससुद्धा नाही, ग्रिल लावलेली बाल्कनी आहे, त्यामुळे तुमच्या ७० चौरस फुटांचा मला हेवाच वाटला. माती फेकून देऊ नका. ती एकतृतीयांशावर आणा. एक भाग तुमचीच लाल माती चाळून, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत घ्यावे आणि दर बादलीमागे दोन मुठी नीमपेंड घालावी. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवली की ६० ते ७० लिटर भुसा होतो. मात्र तो भिजवून, पिळून, पहिले पाणी टाकून देऊन पुन्हा एकदा भिजवावा, कारण त्यात क्षार असतात. मी पहिल्या वर्षी हा कंटाळा केला आणि मेथीच्या पानांच्या कडा करपल्या.

पालेभाज्यांना बादल्या लागत नाहीत. भाजीवाल्याकडचे जुने क्रेट घ्या, आतून शेडनेटचा तुकडा लावा आणि सहा इंच मिश्रण भरा. धने चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन दलांत फोडूनच पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर उकरून बघू नका. तळाला विटांचे तुकडे मात्र अजून वाढवा, दोन-तीन इंच तरी हवेत. पाणी साचणार नाही.

निवृत्त_कृषी

वरील मिश्रणाशी मी सहमत आहे. विटांच्या थराबाबत मात्र, क्षमा असावी, असहमत आहे. मी स्वतः नोकरीत असताना पुष्कळांना हाच सल्ला दिला होता, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरावा. पाणी ठिबकायचे थांबले की तोच स्पंज, न पिळता, उभा करावा; आणखी पाणी गळू लागते. स्पंज तोच असतो, पण उंची वाढल्यामुळे त्याची पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटते. कुंडीतल्या मातीचे असेच आहे. तळाशी काही बोटांचा एक थर नेहमीच संपृक्त राहतो, आणि मातीचे बारीक कण पाण्याला जितके धरून ठेवतात तितके विटांमधल्या मोठ्या पोकळ्या त्याला खेचून घेत नाहीत. त्यामुळे विटांचा थर घातला की तो चिखलाचा थर नाहीसा न होता तेवढाच वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. आपल्या वांग्याचे हेच झाले. विटा काढून टाकाव्यात, बादलीच्या तळाला बोटाएवढी सहा ते आठ भोके पाडावीत, त्यांवर फक्त जाळीचा तुकडा किंवा नारळाच्या सोडणाचा पातळ थर ठेवावा आणि ताटल्या पावसाळ्यात काढून घ्याव्यात. बारीक मातीचे प्रमाण जितके कमी, तितका तो ओला थर पातळ होतो. आपल्याकडचा पाऊस पाहता मी माती एक, कोकोपीट दोन आणि खत एक असे प्रमाण ठेवीन.

टोमॅटोची फुले गळाली त्यात आपला दोष नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचेही चढे राहिले की परागकण निकामी होतात. एप्रिलमध्ये पुण्यात, तेही पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीशेजारी, फळ धरणे कठीणच. गणपतीच्या सुमारास रोप टाकावे, पंचवीस-तीस दिवसांची रोपे दसऱ्याच्या आसपास बादलीत लावावीत. रोपाचे खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडले तरी चालते, तिथून मुळे फुटतात. एका बादलीत एकच रोप लावावे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकर पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक म्हणून विकसित केलेला आहे. फळाच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडला तर औषध शोधू नये; पाणी कधी भरपूर, कधी मुळीच नाही असे झाल्याने कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तो पडतो.

मिरचीच्या ‘चुरडा-मुरडा’चे निदान आधी करावे. पाने होडीसारखी वर वळली असतील तर बहुधा फुलकिडे, आणि खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी ही अतिसूक्ष्म कीड. पान पांढऱ्या कागदावर झटकून पाहावे. फुलकिडे बारीक पिवळसर रेघांसारखे सरपटताना दिसतात. त्यांच्यासाठी एक लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे, आठवड्याने पुन्हा. कोळी असल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम वापरावे, परंतु तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधकाला हात लावू नये, पाने भाजतात.

एक गोष्ट कोणी सहसा मोजत नाही. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, त्यामुळे दक्षिणेला इमारत असेल तर पश्चिमेच्या टेरेसवरचे मे महिन्यातले पाच तासांचे ऊन डिसेंबरात दोन तासांवर येऊ शकते. तसे असेल तर टोमॅटोचा नाद सोडून चाकवत, पुदिना आणि अळू लावावे. तेवढ्या उन्हात ती तग धरतात.

कोबा_आणि_काँक्रीट

झाडांतले मला फारसे कळत नाही. बांधकामात तीस वर्षे गेली, म्हणून वजन आणि ओल याविषयी लिहितो.

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात, वावर असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो इतका भार धरलेला आहे. आपले टेरेस सुमारे साडेसहा चौरस मीटरचे आहे. भिजलेल्या लाल मातीची बादली ३० किलोंहून अधिक भरते. २२ कुंड्यांचे ६००-७०० किलो सर्वत्र पसरले तर हिशेबात बसते. परंतु चौरस मीटरभर जागेत बादल्या खेटून मांडल्या तर नऊ बसतात आणि तिथेच ३०० किलो होतात. म्हणून त्या मध्यभागी एकत्र न मांडता, ज्या भिंतींखाली तुळई आहे त्यांच्या कडेने एका ओळीत ठेवाव्यात. कठड्यावर तर एकही नको.

ओलीचे कारण कुंड्याच असतील असे गृहीत धरू नये. अशा टेरेसवर बहुधा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा पाणी अडवणारा थर) असतो आणि पाणी झिरपते ते बहुतेक वेळा भिंत आणि कोबा यांच्या सांध्यावरच्या वाट्याला, म्हणजे तो सांधा झाकणाऱ्या गिलाव्याच्या गोलसर पट्टीला, तडा गेल्याने किंवा पाणी बाहेर जाण्याच्या जाळीभोवतीच्या फटीतून. कुंड्यांचा अपराध इतकाच की त्यांच्याखालची फरशी कधी वाळत नाही आणि वाहून आलेली माती जाळी बुजवते. प्रत्येक कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे खालून झाडूही फिरेल. पाऊस उघडला की सगळे दोन दिवसांसाठी आत घ्यावे, जाळी बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवावे आणि खालच्या छतावर खूण करून ओल वाढते का ते पाहावे. त्याआधी रसायनाचा थर मारणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नयेत.

गच्चीवरची_मिरची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्पंजाचा प्रयोग ओट्यावर केला आणि घरात सगळ्यांना करून दाखवला. माझ्या सासूबाईंनी तो दोनदा करायला लावला. मग वजनाच्या काट्यावर एक जुनी बादली ठेवली, ती ३४ किलो भरली. सोनचाफा यांच्या कृतीने, पण दोन भाग कोकोपीट घालून भरलेली बादली पूर्ण भिजवल्यावर २३ किलो झाली. बाकीच्याही अशाच भरणार आहे. उरलेली लाल माती सोसायटीतल्या कडुलिंबाच्या आळ्यात जाईल.

मिरचीचे पान कागदावर झटकले. पिवळ्या रेघा चालू लागल्या, म्हणजे फुलकिडेच आहेत. निंबोळी तेलाची पहिली फवारणी काल सायंकाळी झाली. दक्षिणेला सहा मजली इमारत आहे, त्यामुळे डिसेंबरातले ऊन मोजेपर्यंत टोमॅटोच्या तीनच बादल्या लावीन, उरलेल्या जागेत चाकवत आणि क्रेटमध्ये कोथिंबीर.

कुंड्या हलवताना कोपऱ्यातल्या तीन कुंड्यांमागे वाट्याला वीतभर तडा सापडला. दोन वर्षे त्याच्यासमोर रोज पाणी घालत होते आणि तो दिसला नव्हता. पाणी साठवण्याची चाचणी पाऊस थांबल्यावर घेऊ. काकूंना दिवस आधी कळवायचा आहे, कारण छतावरची खूण करायला त्यांच्याच झोपण्याच्या खोलीत शिडी न्यावी लागणार.