बालगंधर्वांवरील प्रदर्शन: शालूखेरीज आणखी काय मांडावे?

प्रश्न:
आमच्या वाचनालयाच्या दालनात, संगीत नाटकांतील स्त्रीभूमिका गाजवणारे गायकनट बालगंधर्व यांच्यावर प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. एका सभासदाच्या घरून त्या काळचा भरजरी शालू मिळाला असून काही छायाचित्रे आणि तबकड्याही जमल्या आहेत. रंगमंचावर उंची शालू, अस्सल अत्तर आणि भारी गालिचेच हवेत असा बालगंधर्वांचा आग्रह असे आणि त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियाही करत. त्या वैभवाचे मला अतोनात कौतुक आहे; तरीही लोकांनी नुसता शालू पाहून परतू नये, असे मनापासून वाटते. मांडणी कशी करावी?

प्रतिसाद १:
शालूच्या शेजारी ठिगळ लावलेले साधे लुगडे आणि जाते ठेवावे. नाटककार राम गणेश गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, त्यांचे ‘एकच प्याला’ रंगमंचावर आले आणि ‘मानापमान’मधील भामिनी आणि ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी यांचा थाट पाहायला येणाऱ्या प्रेक्षकांसमोर त्याच नटाने दारुड्याची बायको सिंधू हिचे दारिद्र्य उभे केले. थाट उतरवल्यावरही प्रेक्षक खिळून राहत, यातच त्यांचे मोठेपण आहे. पुढे १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथ साकारले. त्या पुरुषवेषातील छायाचित्र मिळाल्यास तेही अवश्य लावावे. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीवर झालेल्या कर्जाचा उल्लेखही टाळू नये, कारण ते त्याच हौसेच्या पोटी वाढले.

प्रतिसाद २:
पहिल्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. मात्र या प्रदर्शनाचा प्राण आवाजातच आहे. तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपते आणि प्रयोगात तेच पद वन्समोअर घेत, दर वेळी नव्या जागा दाखवत कितीतरी लांबत असे, हे पाटीवर लिहिले नाही तर आजच्या श्रोत्याला तबकडीतले गाणे म्हणजेच सगळे गाणे वाटेल. ‘स्वयंवर’च्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले, तबल्यावरचे अहमदजान थिरकवा आणि सारंगीवरचे कादरबक्ष यांची नावे ठळक असावीत. ऐकण्यासाठी चार खुर्च्या ठेवा. उभ्याउभ्या नाट्यसंगीत ऐकवत नाही.

प्रतिसाद ३:
जुनी वस्त्रे हाताळण्याच्या अनुभवावरून एक कळकळीची विनंती करतो. शालू खुंटीला किंवा दांडीला टांगू नका. जरीच्या वजनाने जुने रेशीम घडीवरच विरते. धुवून घेतलेल्या मऊ सुती कापडावर तो आडवा पसरावा, घडीच्या जागी त्याच कापडाच्या गुंडाळ्या द्याव्यात आणि प्रकाश पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) वर जाऊ देऊ नये. आपल्या दालनाला पश्चिमेची खिडकी असेल तर तिला जाड पडदा लावावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
आपणा सर्वांची मी आभारी आहे. जाते आमच्याच घरात आहे. खिडकी पश्चिमेलाच असल्याने पडदा उद्याच शिवायला टाकते. शालूच्या पाटीवर मात्र ‘बालगंधर्वांनी नेसलेला नव्हे, त्यांच्या काळातील’ असे मोठ्या अक्षरांत लिहीन.