मेकॅनिकलवाला, चाकणची नोकरी, प्रोग्रामर व्हायचंय: डॅकचा कोर्स करू की नोकरी धरून शिकू?

नमस्कार मंडळी. बीई मेकॅनिकल, वय २७. भोसरीत राहतो, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. तिन्ही शिफ्ट आलटून पालटून, त्यामुळे संध्याकाळचा क्लास एक आठवडा जमतो आणि पुढे बोंबलतो.

गोडी कामातूनच लागली. सीएमएमवरून (पार्टची मापं घेणारं यंत्र) मापांच्या फाइली येतात, त्यातून सीपीके (मापं ठरलेल्या मर्यादेत किती नीट बसतात त्याचा आकडा) काढून कस्टमरला रिपोर्ट द्यायचा. १.३३ च्या खाली गेला की फोन सुरू. आधी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला, मग पायथन शिकून स्क्रिप्ट केली. आता शिफ्टमधले बाकीचेही तीच वापरतात. साहेबांच्या मते मी 'एक्सेलमध्ये हुशार' आहे, असो.

अडचण अशी की कामापुरतंच येतं. परवा दोन याद्यांतले पार्ट नंबर जुळवायला लूपमध्ये लूप लावला. वर्षभराचा डेटा दिला तर चहा पिऊन आलो तरी चालूच. नेटवर बघून एका यादीची डिक्शनरी केली, चुटकीसरशी झालं. का झालं, ते मात्र सांगता येत नाही. आणि मुलाखतीत म्हणे हेच विचारतात.

डेक्कनच्या एका क्लासात गेलो. 'शंभर टक्के प्लेसमेंट!' कुठल्या कंपन्यांत, विचारलं तर ईएमआयचा तक्ता पुढे केला. सी-डॅक या सरकारी संस्थेचं डॅक (सॉफ्टवेअरचा पीजी डिप्लोमा) डोक्यात आहे, पण सहा महिने पूर्णवेळ म्हणजे राजीनामा. इकडे बहिणीचं लग्न ठरतंय.

डॅक केलेल्या मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी सांगा, आमच्यासारख्यांना कॅम्पसला उभं करतात का? 'मनाचं ऐक' वगैरे नको.

प्रतिसाद १
मीही मेकॅनिकलचाच, डॅक केलंय. राजीनाम्याचं नंतर बघ, आधी सी-कॅट (सी-डॅकची प्रवेश परीक्षा) दे. डॅकला ए आणि बी विभाग लागतात. बीमध्ये सी भाषा, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग. बरोबरला ३ गुण, चुकीला १ वजा, म्हणून अंदाजपंचे ठोकू नकोस. रँक बघून ठरव. ब्रँचपेक्षा टक्क्यांवर जास्त अडतं: बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी, डिग्री तिन्हीत ६० मागतात. तुझे किती आहेत?

लूपचं म्हणशील तर, हजार-हजार ओळींच्या दोन याद्या म्हणजे दहा लाख तुलना. डिक्शनरी पार्ट नंबरचं हॅश (त्यावरून काढलेला जागेचा आकडा) काढून जवळपास थेट त्या जागी जाते, शोधत बसत नाही. एनपीटेलवर (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स शिकवणारा कोर्स आहे. व्हिडिओ फुकट, शिफ्ट कुठलीही असो.

प्रतिसाद २
माझं मत उलटं. डॅकला जाऊन तुम्ही फ्रेशरांच्या रांगेत शेवटी उभे राहणार. त्यापेक्षा इन्स्पेक्शन, मशीन डेटा, कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्या शोधा. कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात, त्यांना सीपीके समजावताना आमचा जीव जातो. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) तेवढं पक्कं करा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. दहावी-बारावी ठीक आहे, डिग्रीला ६१, थोडक्यात वाचलो. सी-कॅटचा फॉर्म भरतो, निकालापर्यंत नोकरी चालू. ही सीपीकेची स्क्रिप्ट गिटहबवर (कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायची साइट) दाखवायला टाकली तर चालेल का?

प्रतिसाद २
कंपनीत लिहिलेली अजिबात नको, डेटा तर मुळीच नको. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर नव्याने लिहा आणि मापं बनावट घ्या.